भिंतीत वायरचा जॉइंट गाडू नका: घराचं वायरिंग पहिल्यांदा करून घेणाऱ्यांसाठी

गिलाव्याखाली, भिंतीच्या आत, वायरला वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर ते काम चुकीचं आहे. टेप कितीही चांगली असो, वायर कितीही महागाची असो. जॉइंट करायचाच असेल तर तो डब्यात करायचा आणि त्या डब्याचं झाकण भिंतीच्या पातळीला, स्क्रू काढून उघडता येईल असं ठेवायचं.

परभणीतल्या जुन्या घराचं वायरिंग आम्ही पूर्ण उकलून नव्याने करून घेतलं. नंतर अंबाजोगाईला बहिणीच्या बांधकामावर तेच काम पायापासून पाहिलं. मी इलेक्ट्रिशियन नाही. घरमालक म्हणून काय विचारायचं, कुठे थांबवायचं, कुठला कागद मागायचा, हे या दोन कामांत शिकत गेलो. मराठवाड्यात घर बांधणाऱ्या किंवा जुनं घर दुरुस्त करणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडावं म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

१. आधी नियम समजून घ्या

घरातल्या वायरिंगसाठी भारतीय मानक आहे आयएस ७३२. त्यात लूपिंगची पद्धत सांगितली आहे. वायर बोर्डातून निघते आणि पुढच्या बोर्डात किंवा पंख्याच्या डब्यात जाऊनच संपते. जोडायची ती तिथल्या टर्मिनलवर किंवा कनेक्टरमध्ये (वायरची टोकं घट्ट धरणारा तयार तुकडा). मधल्या वाटेत पिळलेला किंवा उघडा जॉइंट चालत नाही. टाळताच आला नाही, तर कनेक्टर वापरून जंक्शन बॉक्समध्ये करायचा आणि तो बॉक्स तपासणीसाठी सहज उघडता आला पाहिजे.

अपवाद आहेत. जमिनीखालच्या केबलचा कंपाउंड भरलेला जॉइंट, किंवा योग्य हत्याराने क्रिम्प (दाबून पक्का) वा वेल्ड केलेला जॉइंट, हे काही ठिकाणी बंद राहू शकतात. घरातल्या पाइप वायरिंगमध्ये मात्र या अपवादाचा आधार कोणाला घेऊ देऊ नका. पाइपात अडकलेला जॉइंट उद्या वायर बदलायच्या वेळी पुढेही सरकत नाही आणि मागेही येत नाही.

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून बरेच जण गोंधळतात. तिकडे लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पाट्या ठोकलेल्या असतात, भिंत आतून पोकळ असते आणि केबल त्या पोकळीतून नेतात. डबा कायम उघडता आला पाहिजे, हा नियम तिकडेही आहे. पण ते फिटिंग आणि ती पद्धत आपल्या विटांच्या भिंतीला जशीच्या तशी लागू होत नाही.

२. एमसीबी आहे ना, मग काय होतं?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. (एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच.) वायरमनचं ठरलेलं उत्तरही याच्याशीच जोडलेलं असतं: "काही होत नाही भाऊ, शॉर्ट झालं तर एमसीबी पडतोच."

शॉर्ट झालं तर एमसीबी पडतो, हे खरं. सैल जॉइंट म्हणजे शॉर्ट नव्हे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. पिळलेला जॉइंट सैल होऊन, काळा पडून, त्याचा रोध ०.२ ओहम झाला असं धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे त्या एका ठिकाणी १५ वॅट उष्णता. सोल्डरिंगची लहान गन साधारण एवढ्याच वॅटची असते. ती गिलाव्याखाली, टेपमध्ये गुंडाळून, रोज सकाळी चालू केल्यासारखं होतं. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र फक्त ८.७ अँपिअर दिसतात. तो कशाला पडेल? जमिनीकडे गळती नसल्यामुळे आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पडणारा स्विच, तोही गप्प राहतो.

साध्या पीव्हीसी वायरचं वेष्टन ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४४ अंश असतात, स्लॅब आणि पश्चिमेची भिंत त्याहून तापते. म्हणजे वायरच्या हातात मुळातच कमी अंतर उरतं. त्यात जॉइंट गरम झाला की तांबं प्रसरण पावतं, गार झाला की आकसतं, पीळ आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि बाहेरून काही कळत नाही.

आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीत असा एक जॉइंट निघाला. टेप वाळून कागदासारखी कडक झाली होती, बोटाने दाबली तर तुकडे पडले. आतली तांब्याची तार काळी पडली होती आणि दोन्ही बाजूंना वितभर वेष्टन ठिसूळ झालं होतं. गिलाव्यावर बाहेर नुसता एक पिवळसर डाग होता. इतकी वर्षं आम्ही तो ओलीचा समजत होतो.

३. माणूस आणि कागद

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फत, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाकडून व्हायला हवं. बल्ब, पंखा, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं यात धरत नाहीत. आयटीआयचं तारतंत्री किंवा वीजतंत्रीचं प्रमाणपत्र ही शिक्षणाची खूण आहे, परवाना वेगळा. दोन्ही विचारा.

हे कागद एका फायलीत ठेवा:

- कंत्राटदाराच्या परवान्याची झेरॉक्स, मुदत पाहून
- प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स
- वायर, पाइप, एमसीबी यांची पक्की बिलं
- कुठला पॉइंट कुठल्या एमसीबीवर, याचा हाताने काढलेला नकाशा
- गिलाव्याआधीचे फोटो
- काम संपल्यावरचा टेस्ट रिपोर्ट

नवीन वीजजोडणीसाठी महावितरणला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. इथे एक सापळा आहे. काही ठिकाणी काम एक जण करतो आणि रिपोर्टवर सही दुसऱ्याच परवानाधारकाची आणतात, ज्याने घर पाहिलेलंही नसतं. काम ठरवतानाच सांगून टाका की सही करणारा माणूस गिलाव्याआधी एकदा येऊन पाइप आणि डबे पाहून जाईल.

४. बोली करताना जॉइंटचा विषय काढा

आपल्याकडे वायरिंगचा दर पॉइंटवर ठरतो, मालासकट किंवा मजुरीने. मालासकट बोली असेल तर उरलेला तुकडा हा वायरमनचा तोटा असतो. ९० मीटरचं बंडल संपत आलं, पाइप ९ मीटरचा आहे आणि हातात ६ मीटरचा तुकडा आहे, अशा वेळी माणूस काय करेल? जोडेल. यात त्याला वाईट म्हणण्यासारखं काही नाही, हिशोबच तसा ठरलेला आहे.

म्हणून माल स्वतः आणा, किंवा बोलीतच म्हणा की उरलेल्या तुकड्यांचे पैसे मी देतो, पण पाइपात एकही जॉइंट नको. आम्ही दुसरा मार्ग धरला आणि वायरमनने तो आनंदाने मानला. लांब पाइपांच्या वायर आधी ओढायच्या, उरलेल्या तुकड्यांत बोर्डांमधली छोटी अंतरं काढायची, हे सुचवलंही त्यानेच.

५. माल घेताना

वायरवर आयएस ६९४ आणि आयएसआय मार्क पाहा. दुकानात दीडची, अडीचची, चारची असं मागितलं तरी चालतं. लाइट-पंख्याला दीड, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि गीझरला चार स्क्वेअर मिलिमीटर, आणि यांची स्वतंत्र लाइन थेट डीबीपासून, म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या पेटीपासून. जुने दुकानदार "सात-वीस" म्हणाले तर साधारण चारची वायर समजा. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी. रंग पाळायला लावा, पुढे जॉइंट ओळखायला ते कामी येतात.

पाइप आयएसआय मार्कचा, मध्यम किंवा जाड. सोबत खोल जंक्शन बॉक्स, ब्लँक प्लेटा (डब्यावरची कोरी झाकणं) आणि कनेक्टर. लिव्हरचे (खटका दाबून वायर पकडणारे) कनेक्टर आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागले आहेत. नाही मिळाले तर स्क्रूची चांगली कनेक्टर पट्टी चालते.

६. पाइप आणि डबे: सगळं इथेच ठरतं

डबे पुरेसे आणि योग्य जागी असतील तर भिंतीत जॉइंट करायची वेळच येत नाही. सेंट्रिंगवाल्याने स्लॅबची सळई बांधली की त्याच दिवशी वायरमनला बोलवा. स्लॅबमधले पाइप आणि पंख्याचे डबे काँक्रीटच्या आधी जातात, नंतर तिथे काही करता येत नाही.

भिंतीत झिरी कटरने मारून घ्या. नुसत्या छिन्नीने विटा हलतात. पाइप उभे किंवा आडवे, सरळ रेषेत. तिरपा पाइप टाकू देऊ नका. दहा वर्षांनी कोणी फोटो टांगायला ड्रिल मारेल तेव्हा बोर्डाच्या सरळ वर पाइप असणार, एवढा अंदाज त्याला करता आला पाहिजे. पाइपाला साधारण ६० सेंटिमीटरवर क्लिप किंवा खिळा हवा. वळण मोठं ठेवा, त्रिज्या साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी नको. एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत काटकोनातली चारपेक्षा जास्त वळणं येत असतील तर मध्ये एक डबा घ्या. माझ्या मते तीन वळणांनंतरच घ्यावा. चौथ्या वळणाला वायर ओढताना दम लागतो आणि दम लागला की माणूस वायर कापतो.

कपलर, म्हणजे पाइपाला पाइप जोडणारा तुकडा, सोल्युशन लावून बसवायला सांगा. हे परभणी, नांदेड, हिंगोलीच्या काळ्या मातीतल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरच्या भिंतीलाही तडे जातात. कोरडा बसवलेला कपलर त्या ओढीत निसटतो आणि वायर उघडी पडते.

वाडा असेल, दगडमातीची जाड भिंत असेल, तर कन्सील्डच्या, म्हणजे भिंतीत लपवलेल्या वायरिंगच्या, नादी लागू नका. लातूर-धाराशिवकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अशा भिंतींची भीती बसली, तरी जुनी घरं अजून नांदती आहेत. पांढऱ्या मातीत डबा घट्ट बसत नाही आणि झिरी मारताना दगड निखळतो. तिथे भिंतीवरून पट्टी वायरिंग करा. दिसायला थोडं उठून दिसेल, पण प्रत्येक जोड डोळ्यांसमोर राहील.

गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेपपट्टी भिंतीला लावून, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून अंतर दिसेल. डब्यांची तोंडं कागदाने किंवा थर्माकोलने बंद करा, नाहीतर गवंड्याचा माल आत जातो.

७. वायर ओढताना समोर उभे राहा

पूर्ण कामात एवढे दोन दिवस रजा काढा, बाकी नाही काढली तरी चालेल. वायर ओढायची ती गिलावा वाळल्यावर, स्प्रिंग (वायर खेचायची लवचीक तार) टाकून. काही जण वायर आधीच पाइपात घालून मग पाइप भिंतीत बसवतात. तसं करू देऊ नका. गिलाव्यानंतर वायर ओढली गेली, म्हणजे पाइप मोकळा आहे आणि उद्या वायर बदलताही येईल, याची तिथेच खात्री होते. पाइपाच्या पोकळीचा साधारण ४० टक्केच भाग वायरने भरावा. जास्त कोंबल्या तर ओढताना सोलतात.

आता जॉइंट पकडायची युक्ती. बऱ्याच चांगल्या वायरवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. पाइपाच्या एका टोकाला वायरवरचा आकडा वाचा, दुसऱ्या टोकाचाही वाचा. एकीकडे ३४ आणि दुसरीकडे ४१, आणि पाइप सात मीटरचा: वायर अखंड आहे. एकीकडे ३४ आणि दुसरीकडे ७२ दिसले तर मध्ये दुसरा तुकडा जोडलेला आहे. रंग किंवा छापलेलं नाव दोन टोकांना वेगळं असेल तर आकडा वाचायचीही गरज नाही. अशा वेळी भांडू नका. "दादा, ही वायर परत ओढा, दुसरी टाकू, तुकड्याचे पैसे माझे" एवढं म्हणा.

अर्थिंगची वायरही याच नियमात येते. तिच्यातून रोज करंट जात नाही म्हणून तिला पीळ देऊन सोडतात. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर वाचवणारी तीच आहे.

८. जॉइंट करावाच लागला तर

ड्रिल मारताना वायर तुटली, पॉइंट सरकवायचा आहे, अशा वेळी आधी दोन डब्यांमधली पूर्ण वायर बदलता येते का पाहा. पाइप मोकळा असेल तर हे काम तासाभराचं आहे. नाहीच जमलं तर त्याच जागी भिंत फोडून जंक्शन बॉक्स बसवायचा.

आधी वीज बंद. आपल्याकडे इथे मोठा धोका इन्व्हर्टरचा आहे. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर २३० व्होल्ट चालू राहतात, आणि कुठला पॉइंट इन्व्हर्टरवर आहे हे घरातल्यांनाही आठवत नसतं. इन्व्हर्टर बंद करा, त्याची आउटपुट लाइन सोडवा. मग टेस्टर जिथे वीज चालू आहे अशा दुसऱ्या सॉकेटवर (मेन पाडलेला असेल तर शेजारच्या घरी) लावून तो ठीक आहे हे पाहा, कामाच्या वायरला लावा, पुन्हा चालू सॉकेटवर लावा. शक्य असेल तर मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा.

वायर कनेक्टरवर लिहिलेल्या मापाइतकीच सोला. बऱ्याच लिव्हर कनेक्टरला ११ मिलिमीटर लागते. बाहेर तांबं दिसता कामा नये, आत वेष्टन दबता कामा नये. सगळे तंतू आत गेले पाहिजेत, "आत बसत नाही" म्हणून चार तंतू कापणं म्हणजे वायर बारीक करणं. कनेक्टर बसल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहा. डब्यात दोन्ही बाजूंनी वीतभर वायर जास्त ठेवा, पुन्हा कधी जोडायची वेळ आली तर हात पोचला पाहिजे.

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर थेट पिळू नका. दोन धातूंच्या मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झिजत जातं, शिवाय दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेलाच कनेक्टर किंवा बायमेटल लग वापरा. जमत असेल तर ती लाइन डीबीपासून नवीन टाका.

डब्यावर ब्लँक प्लेट लावा आणि ती दिसू द्या. पुट्टीवाला तिच्यावरून पुट्टी ओढतो, टाइल्सवाला टाइल लावतो, फर्निचरवाला कपाटाची पाठ ठोकतो. तिघांनाही आधी सांगून ठेवा. पीओपीचं छत करणार असाल तर वरच्या डब्याखाली उघडता येणारी चौकट सोडायला लावा. छताच्या वर लोंबकळणारे टेपचे जॉइंट मी दोन-तीन नव्या घरांत पाहिले आहेत. "दिसत नाही" आणि "बंद आहे" या दोन गोष्टी तिथे सर्रास एक मानल्या जातात.

९. शेवटचं बिल देण्याआधी

मेगर, म्हणजे वायरचं वेष्टन धड आहे का हे मोजायचं यंत्र, लावून घ्या. ५०० व्होल्ट डीसी, एक मिनिट, प्रत्येक लाइन आणि अर्थिंग यांच्यामध्ये. रीडिंग किमान १ मेगाओहम हवं. नव्या कोरड्या वायरिंगमध्ये ते याहून बरंच जास्त येतं, एक-दोनवर अडकलं तर कुठेतरी वेष्टन सोललंय किंवा ओल आहे. चाचणीआधी सगळी उपकरणं आणि एलईडी काढायला सांगा. मेगरने सैल जॉइंट कळत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यासाठी वर सांगितलेले, वायरवर छापलेले मीटरचे आकडेच उपयोगी.

मग लोड टाकून पाहा. गीझर, कूलर, इस्त्री अर्धा तास चालू ठेवा आणि त्या लाइनवरच्या प्रत्येक प्लेटला हात लावा. कोमट लागली तर एमसीबी पाडून डबा उघडायला लावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरतात, त्यामुळे तो नसेल तर बसवूनच घ्या.

राहत्या घरात दिवा मिणमिणणं, एकाच भिंतीतून तडतड आवाज येणं, जळक्या प्लास्टिकचा वास, गिलाव्यावर कारण नसताना पडलेला पिवळा डाग, यातलं काही दिसलं तर ती लाइन लगेच एमसीबीवरून बंद करा आणि परवानाधारक माणसाला बोलवा. मीटरपर्यंतच्या लाइनमध्ये काही वाटलं तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. तिथे स्वतः हात घालू नका.

दरवर्षी कूलर बाहेर काढायच्या आधी, फाल्गुनात, सगळे डबे एकदा उघडून स्क्रू आवळून घ्या. स्क्रूचे कनेक्टर असतील तर हे चुकवू नका. फायलीतला नकाशा आणि भिंतींचे फोटो त्या वेळी सोबत ठेवा, डबा शोधत बसावं लागणार नाही.